मुख्याध्यापकांची रीत आणि शिक्षकांचे समाधान
(माधवनगर येथे दिलेले भाषण)



शाळेच्या निकालाची चर्चा आपण दरवर्षी करतो. पण शिक्षक मनाने समाधानी आहे काय, हे कोणी विचारीत नाही. आम्ही नोकरीस लागलो त्या शाळेत मुख्याध्यापक मस्टरवर लाल रेघ मारण्यापुरतेच आमच्याकडे पाहत. शिक्षकसभेत परिपत्रक वाचायचे, आम्ही सह्या करायच्या. पगार वेळेवर होई; तरी घंटा होताच सारे एस.टी. गाठीत. मागच्या बाकावरचे, बहुधा आपल्याच वस्तीतले पोर मागेच राही.

हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडले, की वेतन, नियम, देखरेख यांतील उणिवांनी असमाधान वाढते; खरे समाधान मात्र कामातील यश, कौतुक आणि जबाबदारी यांतून येते. महाराष्ट्रात १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. हे संरक्षण मोलाचेच. पण कौतुकाचा शब्द कायद्याने मिळत नाही.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोडात वाटा देणे आणि वेळेवर विश्रांती देणे. महापरिनिब्बान सुत्तात संघाने वारंवार आणि एकोप्याने जमावे, असे सांगितले आहे. शिक्षकसभेला याहून वेगळा नियम कशाला हवा?

आपल्याच भागातले उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. सर्व जातींची मुले त्यांच्या वसतिगृहात एकत्र राहिली, जेवली. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. स्वतः झळ सोसणाऱ्याचा शब्द हाताखालची माणसे मनापासून मानतात.

पुढे आम्हांस दुसरे मुख्याध्यापक लाभले. वेळापत्रक आम्हांस विचारून करीत, चूक एकांतात सांगत, कौतुक सभेत करीत. कामचुकारपणा मात्र खपवून घेत नसत. गैरहजर मुलांसाठी ते आमच्याबरोबर वस्तीत येत. शाळा सोडू पाहणारी तीन मुले त्यामुळे टिकली. इमारत तीच, पगार तोच. बदलली होती ती वागणूक.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यातलेही कोणी त्या खुर्चीवर बसतील. तेव्हा लाल रेघ मारण्यापूर्वी शिक्षकाला एकदा विचारा, 'घरी सारे ठीक आहे ना?'

नमो बुद्धाय! जयभीम!