शेण आधी टाकीत, मग शेतात

पालघर, बोईसर, तारापूरच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते.
इंधन मात्र आपल्या गोठ्यातही तयार होतं.

जेवढं शेण, तेवढंच पाणी.
नीट कालवा…
आणि बंद टाकीत सोडा.

आत हवा नसते.
तिथे जिवाणू शेण कुजवतात.
त्यातून जळणारा मिथेन वायू मिळतो.
आपली उबदार हवा या जिवाणूंना मानवते.

हे नवं नाही.
१८९७ मध्ये मुंबईत, माटुंग्याला, मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते!

चार-पाच गाईंच्या शेणावर
लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो.
टाकीत उरलेली स्लरी, म्हणजे कुजलेलं पातळ शेण, भाताला, भाजीला घाला.

म्हणून पुन्हा सांगतो…
शेण आधी टाकीत, मग शेतात.
गॅसही मिळतो, खतही मिळतं.

या टाकीच्या अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.