राज्य बदलणारा विद्यार्थी



जयप्रकाश नारायण यांच्या अमेरिकेतील विद्यार्थिदशेची हकिकत आपल्या अभ्यासवर्गांतून वारंवार सांगितली जाते आणि बहुधा एकाच हेतूने सांगितली जाते. बिहारमधील सिताबदियाराचा एक तरुण परमुलखात द्राक्षे खुडतो, भांडी घासतो, मोटारींच्या गॅरेजात राबतो आणि अखेर एम. ए. होऊन स्वदेशी परततो. तेव्हा तरुणांनी कष्टाला लाजू नये, असा तिचा बोध काढला जातो. हा बोध खोटा नाही, परंतु अपुरा आहे. या विद्यार्थ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणि तेथून तिसऱ्या, चौथ्या राज्यात का जावे लागले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

१९२१ साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन जयप्रकाशांनी पाटण्याचे सरकारी महाविद्यालय परीक्षा तोंडावर आली असता सोडले. पुढील शिक्षणाची सोय बिहार विद्यापीठात नव्हती आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत पाऊल टाकायचे नाही, असा निश्चय होता. म्हणून ऑक्टोबर १९२२ मध्ये ते कॅलिफोर्नियात उतरले. बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तो जानेवारी १९२३ मध्ये. मधले दिवस आणि पुढच्या सुट्ट्या मजुरीत गेल्या. द्राक्षे वाळत घालणे, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करणे, उपाहारगृहात बशा धुणे हीच त्यांची शिष्यवृत्ती होती. थोड्याच काळात बर्कलेची फी दुप्पट झाली आणि त्यांना आयोवा राज्यातील विद्यापीठात जावे लागले.

येथे थोडे अर्थशास्त्र पाहिले पाहिजे. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे त्या त्या राज्याच्या करांवर चालतात. म्हणून राज्यातील रहिवाशाला फी कमी आणि बाहेरच्याला अधिक, अशी तेथील रीत आजही आहे. करदात्याच्या दृष्टीने ती न्याय्य वाटते. परंतु बाहेरून आलेला विद्यार्थी त्याच राज्याच्या मळ्यांत आणि भटारखान्यांत स्वस्तात राबतो, त्या श्रमाची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही. त्यातून फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी माणूस त्या देशाचा नागरिक होण्यास पात्र नाही. म्हणजे राज्य कितीही वेळा बदलले, तरी हिंदी विद्यार्थ्याचे परकेपण बदलणार नव्हते.

आयोवानंतर विस्कॉन्सिन. या राज्यात जयप्रकाशांना जे मिळाले ते केवळ वर्गात मिळणारे नव्हते. मॅडिसन हे राजधानीचे शहर आणि विद्यापीठही तेथेच. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रेल्वे आणि बड्या मक्तेदारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या रॉबर्ट ला फॉलेट यांना ज्या एकमेव राज्याने कौल दिला ते हेच. त्याच राज्यातील मिलवॉकी या उद्योगनगरीत १९१६ पासून १९४० पर्यंत डॅनियल होन हे समाजवादी महापौर होते. अशा भूमीत मार्क्सवादी विद्यार्थ्यांचा एक गट जयप्रकाशांना भेटला. मार्क्सचे ‘कॅपिटल’ आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचे लेखन त्यांनी येथे वाचले. विज्ञान शिकावयास आलेला विद्यार्थी समाजशास्त्राकडे वळला. हातांनी केलेल्या कामाचा अर्थ सांगणारी माणसे त्याला भेटली, हे या स्थित्यंतराचे मर्म होय. नुसत्या कष्टांतून समाजवादी निपजत असता, तर जगात समाजवाद्यांचा तुटवडा कधीच पडला नसता.

पुढचे राज्य ओहायो. तेथे त्यांनी बी. ए. आणि १९२९ साली समाजशास्त्रात एम. ए. केले. ‘कल्चरल व्हेरिएशन’ हा त्यांचा प्रबंध वर्षातील उत्कृष्ट ठरला. डॉक्टरेट मात्र राहून गेली. आईच्या आजारपणामुळे त्याच वर्षी परतावे लागले. सात वर्षे, चार राज्यांतील विद्यापीठे आणि पदव्या दोन! फी परवडण्याजोगी असती तर किती वर्षे वाचली असती, हा हिशेब कौतुकाच्या भरात कोणी मांडीत नाही.

आजचा हिशेब आणखी कठोर आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर वर्गांत होते. मराठी घरांतील मुलेमुली त्यांत आहेत. सत्र चालू असताना त्यांना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते आणि पहिल्या वर्षी आवाराबाहेर काम करण्यास मनाई असते. जयप्रकाशांनी ज्या वाटेने शिक्षण घेतले ती वाट आज कायद्याने बंद आहे. तिची जागा कर्जाने घेतली आहे. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागतात. म्हणजे बापाचे घर किंवा शेत. जयप्रकाश सुट्टीत राबून पुढच्या सत्राची फी भरीत. आजचा विद्यार्थी पुढच्या दहा वर्षांची मजुरी आधीच गहाण टाकून विमानात बसतो. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला विषय बदलण्याची, चर्चामंडळात बसण्याची, अन्यायाविरुद्ध तोंड उघडण्याची मुभा कितीशी उरणार? कर्ज माणसाचा पैसा घेते, तसे त्याचे धैर्यही घेते.

म्हणून शिक्षण स्वस्त असावे ही मागणी केवळ सवलतीची नाही. ती स्वतंत्र बुद्धीच्या नागरिकांची मागणी आहे. मॅडिसनमध्ये सुरू झालेले वाचन १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्या चर्चेत उपयोगी पडले आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. परराज्यातील एका विद्यार्थ्याला मित्र मिळाले, त्याचे फळ इतके मोठे होते.

पुण्यात आणि मुंबईतही आज परराज्यांतून आलेले विद्यार्थी खाणावळींत जेवतात आणि कॉटच्या भाड्यापायी दोन-दोन नोकऱ्या करतात. त्यांची भाषा वेगळी, जात वेगळी. घरमालक त्यांना दारातच आडनाव विचारतो. त्यांच्याविरुद्ध ‘बाहेरचे’ म्हणून ओरड करणारे पक्ष आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या खोलीवर जावे, त्यांच्या फीचा आणि भाड्याचा प्रश्न हाती घ्यावा, आपल्या अभ्यासवर्गाचे निमंत्रण द्यावे. उद्याचा जयप्रकाश त्यांच्यात असेल की नाही, यावर हे काम अवलंबून ठेवू नये. तो नसला, तरी माणूस म्हणून त्यांचा आपल्यावर तेवढा हक्क आहेच.