तिलापियाचा वाण पारखून घ्या



आपल्याकडे जिला चिलापी म्हणतात, ती तिलापिया. देशात १९५२ साली पहिल्यांदा आली ती मोझांबिक जात. दोन-तीन महिन्यांची झाली की हिची वीण सुरू. तळे पिलांनी भरते आणि मासा तळहाताएवढाच राहतो!

'गिफ्ट' तिलापियाचे तसे नाही. हा नाईल जातीचा सुधारलेला वाण. १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये इजिप्त, घाना, केनिया व सेनेगलचे रानटी मासे आणि आशियातले चार पाळीव वाण शेजारी शेजारी वाढवून पाहिले. घानाचे सोडले तर रानटी मासे पाळीवांच्या तोडीचे, काही तर सरस निघाले. कारण पाळीव मासे मोजक्या जोड्यांपासून वाढवलेले, आणि काहींत मोझांबिकचे रक्त शिरलेले. मग सगळ्यांचा संकर करून, दर पिढीला जलद वाढणाऱ्या कुटुंबांतले नर-मादी निवडत हा वाण घडला.

ओळखायचा कसा? नाईलच्या शेपटीवर उभे पट्टे असतात, मोझांबिकच्या नसतात. गिफ्टचे अंग रुंद व जाड. पण मिश्र पिले रूपाने फसवतात, तेव्हा रूपावर सगळी भिस्त नको.

आणखी एक घोटाळा होतो. 'एकलिंगी' म्हणजे वाण नव्हे. नर जास्त वाढतात, म्हणून पिलांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेले खाद्य देऊन बहुतेक नर करतात. कोणत्याही वाणाचे असे करता येते. एकाचे नुसते नर आणि दुसऱ्याचे नर-मादी मिसळ, अशी तुलना करून काय कळणार?

खरी पारख करायची तर एकाच तळ्यात दोन सारखे हापे बांधा. दोन्हींत एकाच वयाची, सारख्या वजनाची, तेवढीच बोटुकली सोडा. खाद्य त्यांच्या वजनाच्या प्रमाणात द्या आणि रोज लिहून ठेवा. दर पंधरवड्याला वजन घ्या. शेवटी जगली किती आणि खाद्य किती लागले, तेही पाहा. १५० किलो खाद्यात १०० किलो वजन वाढले, तर प्रमाण दीड. नुसता मोठा मासा पाहून भुलू नका. निम्मी मेली असतील तर उरलेली मोठी होणारच.

ही पालेली पिले पैदाशीला ठेवू नका. चार जोड्यांची प्रजा दोन-तीन पिढ्यांत खुरटते. दर हंगामाला मान्यताप्राप्त केंद्राचेच बीज आणा. मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आधी घ्या, आणि सांडव्याला बारीक जाळी लावा. एकदा ही ओढ्यात गेली की परत धरता येत नाही.