एका वर्षाचे दोन कायदे



अमेरिका हा विषय आता व्याख्यात्यांच्या मक्तेदारीचा राहिलेला नाही. समोर बसलेल्यांपैकी कितीकांचा मुलगा, मुलगी, भाचा तिकडे असेल. सहा महिने नातवंडे सांभाळून परतलेले आजी-आजोबा तिकडच्या रस्त्यांची आणि बर्फाची माहिती आम्हालाच सांगू शकतील. आम्हीही त्यांच्यातलेच एक.

तिकडच्या नित्याच्या जीवनात मनात भरण्यासारखे पुष्कळ आहे. चौकाचौकात पोलीस नसतो. जो आधी आला तो आधी जातो आणि बाकीचे मुकाट्याने थांबतात. गावच्या ग्रंथालयात वर्गणीवाचून पुस्तके मिळतात. खटकणारेही आहेच. मोटार नसेल तर बहुतेक गावांत माणूस घरात कोंडला जातो, आणि नोकरी गेली की पुष्कळांचा आजारपणाचा विमाही तिच्याबरोबर जातो. पण आज सांगायचे आहे ते निराळेच.

तिकडे आपल्या मंडळींच्या घरी जेवणे झाली आणि गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानी येई: "आम्ही इथे आलो ते स्वतःच्या हुशारीवर." आणि मोटार एखाद्या वस्तीजवळून जाऊ लागली की दुसरे वाक्य खालच्या आवाजात येई: "ही काळ्यांची वस्ती, काचा वर घ्या." दोन्ही वाक्ये एकाच तोंडची; पण त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसे. तो संबंध उलगडून पाहावा, एवढाच आमचा हेतू.

हुशारी होती, यात शंका नाही. पण ती १९६५ नंतरच एकाएकी उपजली काय? त्याआधी ती दाराबाहेर का उभी होती? १९२३ सालचा एक निकाल पाहा. भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले. तेव्हाच्या कायद्याने ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा की, हे उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोऱ्यांचेच भाऊबंद. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दुसऱ्याला खाली ठेवणारी उतरंड मान्य करून स्वतःपुरती वरची पायरी मागण्याचा तो प्रयत्न होता. ती पायरी काही मिळाली नाही. पुढे १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा, पण येण्याची परवानगी किती जणांना? वर्षाला अवघ्या १०० जणांना.

आता दक्षिणेकडे वळू. अलाबामा राज्यात सेल्मा नावाचे गाव आहे. तेथील परगण्यात मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. मतदारयादीत नाव होते जेमतेम ३०० जणांचे. राज्यघटनेने १८७० पासून हक्क दिला होता, परंतु नोंदणीच्या कचेरीत अधिकारी घटनेतले एखादे कलम काढून अर्थ विचारी, आणि उत्तर बरोबर की चूक हे तोच ठरवी. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० माणसे या अन्यायाविरुद्ध पायी निघाली. पुलावर पोलिसांनी त्यांना झोडपले. जॉन लुईस या पंचविशीतल्या तरुणाची कवटी फुटली. ती दृश्ये देशाने घराघरांतून पाहिली. ६ ऑगस्टला मतदानहक्काचा कायदा झाला. मिसिसिपी राज्यात सात टक्क्यांच्या आत असलेली कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६७ पर्यंत साठ टक्क्यांच्या आसपास गेली.

आणि त्याच वर्षी, ३ ऑक्टोबरला, दुसरा कायदा झाला. देशोदेशींच्या माणसांना वंशाच्या मापाने मोजणारी जुनी पद्धत त्याने मोडली. नातेसंबंध आणि व्यवसायातले कौशल्य यांना मान दिला. आपले डॉक्टर, इंजिनिअर गेले ते याच दाराने. या कायद्यामागे परराष्ट्रनीतीची निकडही होती, हे खरे. परंतु घरातल्या नागरिकाला रंगावरून हक्क नाकारणे चूक ठरल्यावर, दारातल्या पाहुण्याला वंशावरून अडवणे कोणत्या तोंडाने चालू ठेवणार? पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी आपल्या मुलांसाठीही दार ढकलले. काचा वर घेताना आठवण ठेवायची ती याची.

हा हिशेब अजून मिटलेला नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने मतदानहक्काच्या कायद्यातील एक मोठी तरतूद निष्प्रभ केली. २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून आले. आपल्याला अभिमान वाटला, आणि वाटावाच. पण डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे शहर. सुमारे सात दशकांत प्रथमच तेथून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, म्हणून तेथे पुष्कळांना हळहळ वाटली. आपला आनंद आणि त्यांची हळहळ, दोन्ही एकदम समजून घेता आली पाहिजे.

आपल्याला हे अवघड जाऊ नये. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. जोतिराव कधी अमेरिकेला गेले नव्हते. तरी तिकडच्या दास्याचा आणि इकडच्या दास्याचा धागा त्यांना पुण्यात बसून दिसला. आपण विमानाने जातो, महिनोन्‌महिने राहतो, आणि आपल्याला दिसतो तो पगार.

यंदाच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी काहीजण मुलांकडे जातील. नायगारा जरूर पाहावा. पण नातवंडांना एकदा सेल्माचा पूलही दाखवा, आणि त्यांचे आजोबा ज्या दाराने आत येऊ शकले ते कोणी उघडले, हे त्यांना आपल्या मराठीत सांगा.