वाद्यवृंदाची पत



साहसपट किंवा रहस्यपट पाहून आपण बाहेर पडतो तेव्हा नटांविषयी बोलतो, छायाचित्रणाविषयी बोलतो. पडद्याआड राबलेल्या वाद्यवृंदाची आठवण क्वचितच कोणी काढतो. उलट, प्रसंगात जीव नसला म्हणजे मागे ढोल बडवतात, असा आक्षेप मात्र पुष्कळदा ऐकू येतो. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु याच संगीताचे खरे काम कोणते, हे पाहिल्याशिवाय त्याला हद्दपार करणे न्यायाचे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

१९३३ साली ‘किंग काँग’ हा बोलपट निघाला. त्यातला अजस्र वानर म्हणजे बहुतेक दृश्यांत हातभर उंचीचे बाहुले होते. मॅक्स स्टायनर यांच्या वाद्यवृंदाने त्याच्या पावलांना वजन दिले. डोळ्यांना जे पटले नसते, ते कानांनी पटवले. हे झाले पहिले काम.

दुसरे काम याहून सूक्ष्म आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटात एक तरुणी बँकेत भरायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन मोटारीतून पळते. पडद्यावर काय दिसते? तिचा चेहरा, रस्ता आणि पुढे पाऊस. आवाज बंद केला, तर एक बाई गावाला निघाली आहे, एवढेच कळेल. बर्नार्ड हर्मन यांनी या चित्रपटासाठी तुतारी घेतली नाही, नगारा घेतला नाही. फक्त गजाने वाजणारी तंतुवाद्ये घेतली. त्यांचे तुटक, घाईचे आघात सुरू झाले, की तिच्या मनातली धडधड आपल्या छातीत येते. पैसे तिच्या पिशवीत आहेत. अपराध मात्र व्हायोलिनांत आहे.

पुढे स्नानगृहातला खून येतो. तेथे संगीत नको, असे हिचकॉक यांचे मत होते. हर्मन यांनी तरीही रचना केली, आणि ती ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपले मत बदलले. इतरत्र व्हायोलिनच्या घोडीवर आवाज दाबणारी चिमटी बसवलेली आहे; येथे ती काढली आणि तारा किंचाळू लागल्या. आधी आवाज दाबून ठेवला होता, म्हणून ही किंकाळी अंगावर येते.

आता तिसरे काम, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. १९७५ सालच्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या चित्रपटात माणसे खाणारा शार्क मासा आहे. त्याचे यंत्र समुद्रात वारंवार बिघडे, म्हणून मासा फारसा दाखवता येईना. जॉन विल्यम्स यांनी त्याच्या जागी खर्जातले दोन स्वर ठेवले. ते दोन स्वर आले, की मासा आला! पुढे एका प्रसंगी दोन पोरे पाण्यात माशाचा खोटा पर लावून पोहतात. किनाऱ्यावर हाहाकार होतो. पण वाद्यवृंद गप्प असतो. मासाच नाही, तर ते स्वर कशाला वाजतील? संगीत खोटे बोलत नाही, अशी आपली खात्री पटते. आणि मग एके क्षणी खरा मासा होडीमागे अवचित डोके वर काढतो, तेव्हाही आधी इशारा मिळत नाही! ज्याच्यावर आपण विसंबलो, तो पहारेकरीच गप्प राहिला. त्या क्षणी आपण दचकतो, ते या विश्वासामुळे.

श्रोतेहो, पेढीवर जशी सावकाराची पत असते, तशी चित्रपटात वाद्यवृंदाची पत असते. दार उघडले की ढोल, मांजर आडवे गेले की झांजा, असे केले म्हणजे ती पत उधळली जाते; मग खऱ्या संकटाच्या वेळी कितीही मोठ्याने वाजवा, कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून पुढचा रहस्यपट पाहताना वाद्यवृंद कोठे वाजतो एवढेच नव्हे, तर कोठे थांबतो, तेही कान देऊन ऐकावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.