कॉर्डलेस फोनचें दुखणें

घरांतील एखादें वडील माणूस बोलतां बोलतां वाक्य अर्धेंच टाकूं लागलें, आणि असें रोजच होऊं लागलें, तर आपण त्याच्याविषयीं काय समजूं? माझ्या थोरल्या बहिणीविषयीं आमच्या घराण्यांत मध्यंतरीं अशीच एक समजूत होऊन बसली होती. आक्का नाशिकास एकटी राहते. वय पंचाहत्तरीच्या पुढें. मोबाईल तिला मानवत नाहीं. कांचेवर बोट फिरविलें कीं भलतेंच कांहीं उघडतें, हें तिचें गाऱ्हाणें. तिचें सारें बोलणें घरांतल्या कॉर्डलेस फोनवर. भाच्यांशीं, पुतण्यांशीं बोलत असतां तिचा आवाज एकाएकीं बंद पडे, आणि पुन्हां फोन लावावा तर तो कोणी उचलीत नसे. आक्कांचा राग अजून गेलेला नाहीं, असें धाकट्यांनीं ठरवून टाकलें व एकदोघांनीं फोन करणेंच कमी केलें. इकडे आक्काची समजूत अशी कीं, मुलांना आपला कंटाळा आला आहे. आपण बोलत असतांनाच तीं फोन ठेवून देतात.

मी दिवाळींत तिच्याकडे गेलों तेव्हां हा प्रकार माझ्यासमोरच घडला. हँडसेटमधून बारीकसा सूचनेचा आवाज निघाला, पडदा काळा पडला, आणि आक्का मात्र पुढें बोलतच राहिली. तो बारीक आवाज तिच्या कानांना ऐकूंच येत नव्हता. रागाचा येथें कांहींएक संबंध नव्हता. दुखणें होतें दोन लहानशा सेलचें.

या हँडसेटमध्यें बहुधा ट्रिपल ए मापाचे दोन सेल असतात. ते निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, पुन्हां पुन्हां चार्ज होणारे. एकेकाचा दाब १.२ व्होल्ट, दोहोंचा मिळून २.४. याहून जुन्या कित्येक फोनांत निकेल-कॅडमियमच्या तीन सेलची जुडी असे आणि तिला तारेचा लहान प्लग जोडलेला असे. नव्या सेलवर हँडसेट दहा तासांच्या आसपास बोलूं शकतो. सेल साधारण दोनतीन वर्षांत थकतात, आणि थकले म्हणजे त्यांत दोन फरक पडतात. वीज साठविण्याची त्यांची शक्ति घटते आणि आंतला विरोध वाढतो. विरोध वाढलेल्या सेलचा दाब चार्जिंगच्या वेळीं भराभर चढतो. हँडसेटला वाटतें सेल भरले, व तो पडद्यावर सर्व रेघा दाखवितो. बोलणें सुरू होऊन वीज ओढली गेली कीं तोच दाब कोसळतो. गाळानें भरलेला हौद काठोकाठ भरलेला दिसतो, पण चार घागरी उपसल्या कीं तळ लागतो, तसेंच हें. म्हणून पडद्यावरील रेघांवर विश्वास ठेवूं नये. रात्रभर चार्ज केलेला हँडसेट सकाळीं दहा मिनिटें बोलून पाहावा. तेवढ्यांत तो मान टाकूं लागला तर आधीं सेल बदलावे. नव्या फोनच्या मानानें त्यांना लागणारा पैसा अगदीं थोडा.

येथें माझी एक फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं माझ्या घरच्या हँडसेटमध्यें भिंतीवरच्या घड्याळांत घालतात तसले साधे सेल घातले. मापानें ते चपखल बसले आणि फोनहि सुरू झाला. पण साधा सेल चार्ज करून घेण्यासाठीं केलेलाच नसतो, आणि पाळण्यांत ठेवलेला हँडसेट तर सेलमध्यें वीज लोटीतच राहतो. कांहीं आठवड्यांनीं झांकण काढलें तों सेल फुटून त्यांतला क्षार स्प्रिंगांवर चढलेला! तो हँडसेट मुकाट्यानें टाकून द्यावा लागला. तेव्हां सेलवर 'रिचार्जेबल' हा शब्द वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. दोन्ही सेल एका वेळीं, एकाच जातीचे घ्यावे. एक जुना व एक नवा अशी जोडी लावूं नये. पहिल्या वेळीं माहितीपत्रकांत सांगितले असतील तितके तास, कोठें सात तर कोठें पंधरासोळा, हँडसेट पाळण्यांतून उचलूं नये.

सेल नवे असूनहि चार्ज होत नसेल तर हँडसेटच्या तळाशीं व पाळण्यांत ज्या धातूच्या लहान पट्ट्या असतात त्या पाहाव्या. हाताचा घाम व धूळ यांनीं त्या काळवंडतात. शाळेंतल्या पोरांचें खोडरबर यावर उत्तम चालतें. त्यानेंहि भागलें नाहीं तर अडॅप्टर तपासावा. मात्र बदली अडॅप्टर घेतांना व्होल्टचा आंकडा आणि प्लगमधील धन-ऋण बाजू जुन्याशीं जुळलीच पाहिजे.

बटणांचें दुखणें निराळें. पांच दाबावें तर कांहींच उमटत नाहीं, किंवा एकदम दोन पांच उमटतात. बटणें म्हणजे रबराचा एक अखंड पत्रा. प्रत्येक बटणाखालीं कार्बनचा काळा ठिपका असतो व तो खालच्या छापील पाटीवरील रेषा जोडतो. या दोहोंच्या मध्यें वर्षानुवर्षें तेलकट थर सांचतो. सेल काढून, स्क्रू सोडवून (एखादा स्क्रू लेबलाखालीं दडलेला असतो) कवच जुन्या प्लास्टिकच्या कार्डानें उकलावें. सुरी घालूं नये. पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें हलक्या हातानें पुसावी, रबर कोमट साबणाच्या पाण्यांत धुवून दिवसभर वाळवावें. ठिपके घासूं नयेत. ते गेले कीं बटण गेलें. आपला आवाज पलीकडे बारीक जात असेल तर तोंडाकडील छिद्रांत कणीक-धूळ अडकलेली नाहीं ना, हें पाहावें. पडद्यावरच्या रेघा नाहींशा होऊं लागल्या तर मात्र मी हात लावीत नाहीं. ती पट्टी फार नाजूक. त्या कामांत माझें नुकसानच अधिक झालें आहे.

हँडसेट खरोखरच गेला म्हणून सारा संच टाकावा लागतो असें नाहीं. हल्लींचे बहुतेक कॉर्डलेस डेक्ट नांवाच्या पद्धतीचे असतात, आणि खोक्यावर 'जीएपी' अशीं अक्षरें असलीं तर दुसऱ्या कंपनीचा हँडसेटहि जुन्या बेसशीं जोडतां येतो. बेसवरचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें आणि हँडसेटच्या यादींतून नोंदणी करावी. बोलणें चालतें, क्वचित् एखादी जादा सोय मिळत नाहीं, इतकेंच. अमेरिकेहून मुलांनीं आणलेल्या हँडसेटची गोष्ट वेगळी. तिकडचा डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो, युरोपच्या धर्तीचा १८८० ते १९०० वर. दोघांची गांठ पडणें नाहीं. जुना हँडसेट टाकण्यापूर्वीं त्यांतले नंबर वहींत उतरून घ्यावे. टाकतांनाहि तो कचऱ्याच्या पेटींत जाऊं नये. आपल्याकडील ई-कचऱ्याच्या नियमांत कॉर्डलेस फोनचा स्पष्ट नांवानें समावेश आहे, आणि जुन्या सेलमधील कॅडमियम तर विषारीच.

आक्काच्या हँडसेटला मीं नवे सेल घातले, बटणें धुतलीं, आणि सूचनेचा आवाज मोठा केला. त्याच रात्रीं थोरल्या भाच्याशीं तिचें सव्वा तास बोलणें झालें. त्यांतला अर्धा तास तरी तिनें त्याला रागें भरण्यांत घालविला असावा.

एक काम मात्र उरलें होतें. पूर्वीचा तारेचा फोन आपली वीज एक्स्चेंजकडून तारेंतूनच घेई, ४८ व्होल्टच्या आसपास. घरांत अंधार झाला तरी तो चाले. कॉर्डलेसच्या बेसला घरची वीज लागते. आक्काकडे आतां तांब्याच्या तारेऐवजीं फायबर आलें आहे आणि त्याच्या पेटीलाहि वीजच लागते. वीज गेली कीं हीं दोन्ही एकदमच मुकीं होत. म्हणून त्या पेटीला व बेसला मिळून आम्हीं एक लहानसा यूपीएस बसविला, आणि त्याचा स्विच कोणी चुकून बंद करूं नये म्हणून आक्कानें त्यावर कापडाची चिंधी बांधून ठेवली आहे.