पँथर आधी मतपत्रिकेवर होता
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री जेवणाच्या पंगतीत तुमचे दोन तट पडले, ते मी ऐकलं. एक म्हणतो, मोठ्या पक्षात घुसू, आतून पोखरू. दुसरा म्हणतो, आपलं वेगळं निशाण, पडलो तरी बेहत्तर. वाद हातघाईवर आला म्हणून आयोजकांनी आज मला उभं केलंय. मी निकाल देणार नाही. मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका जिल्ह्याची गोष्ट सांगतो. अलाबामा राज्यातली लाउंड्स काउंटी. हाच वाद तिथं झाला आणि त्यातून पँथर निघाला. आपल्या छातीवरचा हा बिल्ला आधी बंदूकवाल्यांचा नव्हता पोरांनो, ते निवडणुकीचं चिन्ह होतं.

पण त्याआधी तिथले पक्ष कसे झाले ते थोडं ऐका.

अमेरिकेची घटना १७८७ ची. तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. १७९६ साली वॉशिंग्टननं जाता जाता पक्षबाजीपासून जपा म्हणून बजावलं, पण तोवर दोन तट पडूनही गेले होते. १८२८ च्या सुमाराला जॅक्सनभोवती डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. गोऱ्या गरिबाच्या मताला किंमत आली, म्हणून पुस्तकं त्याला लोकशाहीचा विजय म्हणतात. जॅक्सन स्वतः गुलामांचा मालक! समोर आला व्हिग पक्ष. दोघांनाही उत्तरेतली मतं पाहिजेत नि दक्षिणेतलीही. मग काय करायचं? गुलामगिरीचा प्रश्नच सतरंजीखाली सारायचा. १८३६ मध्ये तर गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात चर्चेला घ्यायचेच नाहीत असा ठराव झाला. मोठा पक्ष म्हणजे काय, याची माझी व्याख्या तीच आहे. सगळ्यांची मतं हवीत म्हणून ज्याला आपला प्रश्न परवडत नाही, तो मोठा पक्ष.

प्रश्न मात्र मरत नसतो. १८५० नंतर व्हिग फुटले, १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला आणि १८६० ला लिंकन निवडून आला. सहा वर्षांत नवा पक्ष सत्तेवर! म्हणजे तिसऱ्याला जागाच नसते हे खोटं. पण जुन्या दोघांतला एक मेला तेव्हाच ती जागा झाली, हेही ध्यानात ठेवा. एका मतदारसंघातून एकच माणूस, ज्याची मतं जास्त तो. या पद्धतीत तिसऱ्याला पडलेलं मत वाया गेलं असं लोकांना वाटतं, आणि वाटतं म्हणूनच ते वाया जातं. आपल्याकडं हेच चाललंय.

यादवी युद्ध झालं, गुलामी गेली, १८७० ला काळ्या पुरुषाला मत मिळालं, मिसिसिपीतून काळा माणूस सेनेटमध्ये बसला. काळे सारे लिंकनच्या पक्षाबरोबर. मग १८७६ ची निवडणूक वादात अडकली. १८७७ साली रिपब्लिकनांनी अध्यक्षपद घेतलं आणि दक्षिणेतलं लष्कर काढून घेतलं. काळ्यांना गोऱ्या जमीनदारांच्या तोंडी दिलं. सौदा झाला, आणि ज्यांचा सौदा झाला त्यांना विचारलं कुणी?

पुढं दक्षिणेत एकच पक्ष उरला, डेमोक्रॅट. खरी निवडणूक पक्षाची उमेदवारी ठरवण्याच्या फेरीत आणि त्या फेरीत काळ्याला मज्जाव. का? तर पक्ष म्हणजे म्हणे खाजगी मंडळ! सुप्रीम कोर्टानं ते १९४४ साली मोडलं, पण मतकर होता, अक्षरपरीक्षा होती, आणि ते पुरलं नाही तर दोर होता. उत्तरेतले काळे १९३६ पासून रूझवेल्टमुळे त्याच पक्षाला मतं देऊ लागले. उत्तरेत मत मागणारा नि दक्षिणेत फास टाकणारा, पक्ष एकच.

१९६४ साली मिसिसिपीच्या काळ्यांनी आतून पोखरायचा प्रयत्न केलाच. स्वतःचे प्रतिनिधी निवडून अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात गेले. फॅनी लू हेमर ही मळ्यावर कापूस वेचणारी बाई. मत नोंदवायला गेली म्हणून मळ्यावरून हाकललेली, तुरुंगात बडवलेली. तिनं सारं टीव्हीवर सांगितलं. पक्षानं काय देऊ केलं? दोन जागा. त्यांनी त्या नाकारल्या.

आता लाउंड्स. वस्तीत पाचातले चार काळे, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत काळा माणूस एकही नव्हता. एकही नाही! मार्चमध्ये जॉन ह्यूलेट आणि आणखी एकजण नोंदले गेले. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला आणि नोंदणी वाढली तशी मळेवाल्यांनी कुळं घराबाहेर काढली. डिसेंबरात हमरस्त्याकडेला तंबू ठोकून माणसं राहिली. स्टोकली कारमायकेल आणि त्याची पोरं तिथं होती. डेमोक्रॅटांनी उमेदवारीची फी ५० डॉलरवरून ५०० केली. त्या पक्षाचं अलाबामातलं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि १९६६ पर्यंत त्याच्यावर सरळ छापलेलं असायचं, गोऱ्यांचं वर्चस्व. त्याच्यावर शिक्का कसा मारायचा?

निरक्षर फार, म्हणून मतपत्रिकेवर चित्र लागायचं. कार्यकर्त्यांनी अटलांटातल्या एका काळ्यांच्या कॉलेजच्या संघाचा पँथर उचलला.

माझी आजी १९५२ चं सांगायची. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. तिनं कागद हत्तीच्या पेटीत टाकला. अक्षर एक येत नव्हतं, पण हत्ती चुकला नाही. बाबासाहेब पडले. निवडून आले काँग्रेसचे काजरोळकर, राखीव जागेवर. माणूस आपला, पेटी त्यांची.

लाउंड्सच्या पोरांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. चित्रांच्या पुस्तिका छापल्या. शेरीफ म्हणजे कोण, त्याचं काम काय. कर ठरवणारा काय करतो. शाळेचे पैसे कोण वाटतो. कालपर्यंत शेरीफच्या काठीखाली असलेल्या बाया रात्री बसून ते वाचून घेत होत्या. ही गोष्ट मला त्या सगळ्या लढ्यात सर्वात मोठी वाटते. आपण तलाठ्यावर अशी एक पुस्तिका काढली का हो कधी?

३ मे १९६६ ला हेनेव्हिलच्या चर्चमध्ये नऊशेच्या आसपास लोकांनी आपले सात उमेदवार निवडले. नोव्हेंबरात सातही पडले. मळेवाल्यांनी कुळं ट्रकात घालून आणली होती. पण २० टक्क्यांची अट ओलांडली, पक्षाला मान्यता मिळाली. त्याच ऑक्टोबरमध्ये ओकलंडला न्यूटन आणि सील यांनी तो पँथर घेतला, आणि १९७२ ला तो मुंबईत आला.

१९७० साली ह्यूलेट शेरीफ झाला. ज्या कचेरीसमोर उभं राहायची भीती, तिथं बसला. पण पँथरवर नाही. तोवर पक्ष राज्यातल्या एका मोठ्या आघाडीत मिसळला होता, चिन्ह गरुड. पुढं तो स्वतः डेमोक्रॅटिक पक्षात गेला. बावीस वर्षं शेरीफ होता. जमिनी बहुतेक गोऱ्यांकडंच राहिल्या. त्याला कुणी गद्दार म्हणतं, कुणी शहाणा. मला विचाराल तर रात्रभर सांगता येणार नाही.

१९७४ ला मध्य-दक्षिण मुंबईत पँथरनं बहिष्कार टाकला. काँग्रेस पडली, आम्ही वरळीत नाचलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, बहिष्काराला चिन्ह नसतं. मोजणीच्या कागदावर आम्ही कुठंच नव्हतो.

मागं तो पोरगा केव्हाचा हात वर करून बसलाय. बोल रे.